पलीकडच्या घरातली बाई

ज्या गावाला मी गेले होते त्याचं नाव या लेखात सापडणार नाही. शोधू नका. तिथल्या बायकांना मी शब्द दिला आहे की तुमचं नाव-गाव कुठे येणार नाही, आणि या सगळ्या प्रवासात माझ्या हातून धड पाळला गेलेला हा एकच नियम आहे. माणसांची नावंही मी बदलली आहेत. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागायचं, वळसंगच्या पुढे कुठेतरी आत वळायचं, एवढ्यावर भागवून घ्या.

एका संस्थेचा फिरता दवाखाना त्या गावात आठवड्यातून एकदा जातो. गाडी सुरू केली बायकांसाठी आणि बायकाच तिच्याकडे फिरकेनात. त्यांना गरज नाही, की काही अडतंय? हे विचारून यायचं काम माझ्याकडे आलं. गरज नसेल तर गाडी दुसऱ्या गावाला द्यायची, असं संस्थेचं जवळजवळ ठरलं होतं. म्हणजे माझ्या अहवालावर गाडी राहणार की जाणार हे अवलंबून.

त्यासाठी नाशिकला आमचं प्रशिक्षण झालं. प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतंच ‘सर’ म्हणतो, त्यांचा सगळा भर पूर्वग्रहावर. विचारणाऱ्याचा पूर्वग्रह उत्तरात उतरता कामा नये. चेहरा कोरा ठेवायचा. मान डोलवायची नाही. ‘छान’ म्हणायचं नाही, ‘अरेरे’ तर मुळीच नाही. उत्तर सुचवणारा प्रश्न नको. बाई एकटी असावी, घरचं कुणी समोर नको. आणि कुणाच्या घरी खायचं-प्यायचं नाही, कारण आपण एकदा पाहुणे झालो की समोरचा माणूस गोडच बोलणार. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. पन्नाशी उलटली तरी शहाण्या मुलीसारखं वागायची खोड गेलेली नाही.

करमाळ्याच्या अलीकडे

नाशिक-सोलापूर एसटीत माझ्या शेजारी नगरला एक काकू बसल्या. बूड टेकलं नाही तोच सुरुवात केली.

“एकट्याच? मालक न्हाय आले? आले नसतीलच म्हना, बापय मानसं कशाला येत्यात!”

एका दमात प्रश्न, उत्तर आणि शेरा. करमाळ्याला गाडी चहाला थांबेपर्यंत माझा पगार, नवऱ्याची शुगर, मुलाचं न जमणारं लग्न आणि माझ्या गुडघ्यांचा इतिहास असं सगळं त्या बाईंनी माझ्याकडून काढून घेतलं. मध्येमध्ये मान डोलवत होत्या, “अगं बया” म्हणत होत्या, डब्यातले लाडू खायला घालत होत्या. एकही नियम मोडायचा शिल्लक ठेवला नाही. आणि मी एकही उत्तर खोटं दिलं नाही. करमाळ्याला त्या उतरून गेल्या आणि मी खिडकीशी बसून सरांच्या प्रशिक्षणाबद्दल जरा वाकडा विचार केला. तो तिथेच सोडला असता तर बरं झालं असतं.

गावात, पहिला दिवस

सकाळी सोलापूरच्या लॉजवर मला न्यायला मल्लिनाथअण्णा आपली गाडी घेऊन आले. संस्थेचं गावातलं काम बघणारे हे गृहस्थ. कपाळावर विभूती, पांढराशुभ्र शर्ट आणि मदत करायची भयंकर हौस. गावात निम्म्या घरांतून कन्नड चालतं, तेव्हा दुभाषेही तेच. जानेवारीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, मधूनच तुरीची काढणी चाललेली. मला म्हटलं तर आनंद व्हायला हवा होता.

“म्याडम, तुमी कायबी काळजी करू नगा,” अण्णा म्हणाले. “समद्या बायकांना कालच सांगून ठिवलंय.”

“काय सांगून ठेवलंय?”

“की नाशिकच्या म्याडम येनार हायत, चांगलं चांगलं सांगा म्हनून.”

मी कपाळावर हात मारला. अण्णांना वाटलं ऊन लागतंय. त्यांनी काच वर केली.

गावात शाळेपुढे मांडव घातला होता. खरंच सांगते, मांडव! खुर्च्या, सतरंजी, आणि डोक्यावर पदर घेऊन ओळीनं बसलेल्या बायका. मला शाल दिली, नारळ दिला. मी ‘नको, नियमात बसत नाही’ म्हणाले, तर अण्णांनी ते भाषांतर करून सांगितलं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. काय सांगितलं होतं देव जाणे.

चेहरा कोरा ठेवून मी पहिला प्रश्न विचारला. “दवाखान्याच्या गाडीबद्दल तुम्हाला काय वाटतं?”

“लई चांगलं हाय!” सगळ्या एका सुरात.

मागच्या रांगेतली एक म्हातारी मात्र उठून कन्नडमध्ये बोलायला लागली. बराच वेळ बोलली. हातवारे केले, पाराकडे बोट दाखवलं, एकदा तर पदर तोंडाला लावला. मी अण्णांकडे पाहिलं.

“चांगलं हाय म्हनत्यात,” अण्णा म्हणाले.

“एवढं सगळं बोलल्या त्या!”

“व्हय की. लई चांगलं हाय म्हनत्यात.”

आमच्या नाशिकला अनोळखी माणूस भेटला की आम्ही आधी तक्रार करतो. पाणी, रस्ता, सून, जे हाताला लागेल ते. ओळख तक्रारीवरच जमते. इथे उलटं. बाहेरचा माणूस आला की त्याच्यापुढे उणं काढायचं नाही. घरातलं नाही, गावातलं नाही आणि त्यानं स्वतः आणलेल्या वस्तूचं तर नाहीच नाही. रीत म्हणून फार सुंदर आहे. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

मी मांडव मोडायला लावला. अण्णांना पारावर बसवलं आणि हलायचं नाही अशी ताकीद दिली. मराठी येणाऱ्या बायका गाठून घरोघर एकटीच जायचं ठरवलं. अण्णांचा चेहरा पडला, पण माझ्यात ‘अरेरे’ म्हणण्याची ताकद नव्हती.

गल्ली

एका जुन्या विहिरीभोवती गोल फिरणारी ती गल्ली आहे. तोंडाशीच महादेवीचं घर. महादेवी चाळिशीची, उंच, हातात हिरव्या बांगड्या, बोलणं मऊ. दारात पाऊल टाकताच तिनं विचारलं, “ऊटा आयतेन्री?” जेवण झालं का, एवढं मलाही कळलं.

मी म्हटलं, “मी आधी प्रश्न विचारते, जेवण नको.”

“आदी जेवा, मग काय इचारायचं त्ये इचारा. उपाशी मानसाला काय सांगावं?”

“आम्हाला चालत नाही हो.”

“आमच्या हातचं चालत न्हाय?” कोपऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या सासूनं मान वर केली.

सरांना ही सासू भेटायला हवी होती. मी मुकाट्यानं पाटावर बसले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, त्यावर दही, आणि नको नको म्हणताना ताटात पडलेली तूप लावलेली शेंगापोळी. कडक भाकरीचा कुटकन आवाज होतो आणि चटणीतल्या लसणानं कानशिलं तापतात. नियम मोडायचाच तर तो असा मोडावा. मी तीन वेळा चटणी घेतली.

मग सासूला जरा बाहेर बसता का म्हणून विचारलं. ती म्हणाली, “मला काय ऐकू येत न्हाय, तुमी बोला.” आणि इंचभरही हलली नाही.

“गाडीची काही अडचण आहे का तुम्हाला?” मी महादेवीला विचारलं.

“मला? न्हाय बगा. मला काय बी न्हाय.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “पर ती पलीकडच्या घरातली बाई हाय, तिला तरास हाय. छातीत गाठ लागती म्हनं हाताला. दिवाळीपासनं.”

माझा कोरा चेहरा तिथेच संपला. “मग दाखवली नाही का तिनं?”

“कुटं दाखवावी? गाडी उभारती पारापाशी. पारावर दिसभर बापय मानसं बसल्याली. बाई गाडीत चढली की समदी बगत्यात, उतरली की इचारत्यात, काय झालंतं वैनी? आन आत डागदर बी बापयच. काय म्हनून दाखवंल ती?”

“घरी सांगितलंय का तिनं?”

“न्हाय.” सासूच्या हातातली शेंग फुटल्याचा आवाज आला. “तिला भ्या वाटतंय.”

मी ताडकन उठले. शेवटी एक खरं उत्तर मिळालं होतं, आणि ते जिचं होतं ती बाई दहा पावलांवर होती.

पलीकडच्या घरात गुराबाई होती. ठणठणीत बाई, डोक्यावर वैरणीचा भारा. महादेवीनं विश्वासानं सांगितलेलं तिच्यापुढे उघड करणं शक्य नव्हतं, म्हणून मी नेहमीचाच प्रश्न विचारला.

“मला काय धाड भरलीया?” गुराबाई हसली. “पर आमच्या पलीकडं एक हाय, तिच्या अंगावरनं लई जातंय. पांढरीफटक पडलीया. ती काय पारापाशी जायची न्हाय.”

तिच्या पलीकडची दारात उभ्या उभ्याच म्हणाली, मी झकास हाय, पण शेजारणीची पिशवी खाली आलीय, बसता येत नाही बिचारीला. त्या शेजारणीनं मला चहा पाजला आणि म्हणाली, मला काय नाही, पण पलीकडच्या सुनेला मूल राहत नाही. प्रत्येक घरात चहा. प्रत्येक घरात बाई ठणठणीत. आणि प्रत्येक वेळी दुखणं भिंतीच्या पलीकडे. मी त्या दुखण्याच्या मागे विहिरीभोवती फिरत होते, गुडघे बोंबलत होते, आणि ते आपलं एक घर पुढेच पळत होतं.

शेवटच्या घरात मांडवातली तीच म्हातारी निघाली. मराठी तोडकंमोडकं, पण पुरेसं. तिलाही मी तेच विचारलं.

“मला आता काय होनार? गौऱ्या गेल्या मसनात,” ती म्हणाली. “पर आमच्या पलीकडं बग. ती लई वाळलीया. दिवाळीपासून हसत न्हाय.”

“पलीकडं म्हणजे कुणाचं घर?”

म्हातारीनं हात केला. विहिरीला फेरा पूर्ण झाला होता. पलीकडच्या दारात हिरव्या बांगड्यांचे हात माझं ताट घासत बसले होते.

काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरत आले. त्या दुपारी ती माझ्यासाठीच केली होती असं वाटलं. मला माझा राग आला, सरांचा आला, पारावर निवांत बसलेल्या त्या सगळ्या पुरुषांचा आला आणि तहान पाण्याची लागली असताना आणखी एक चहा समोर आला त्याचाही आला.

फोन

संध्याकाळी लॉजवरून सरांना फोन केला.

“शेजारणीबद्दलची माहिती ऐकीव झाली,” सर म्हणाले. “ती धरता येणार नाही. स्वतःचा अनुभव काय सांगितला?”

“स्वतःला काही त्रास नाही म्हणाल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“मग गरज नाही असंच दिसतंय. आपल्याला काय वाटतं ते त्यात घालायचं नाही. तोच तर पूर्वग्रह.”

“अहो सर, शेजारीण म्हणजे त्याच! सांगायची रीत आहे ती! स्वतःचं दुखणं परक्यापुढे काढायचं नाही म्हणून शेजारणीच्या नावावर टाकायचं. गल्लीत एकही बाई आजारी नाही आणि सगळ्यांच्या शेजारणी आजारी आहेत, हे गणित तुम्हीच सोडवून दाखवा!”

मग सर म्हणाले की समोरच्याला स्वतःबद्दल बोलणं अवघड असेल तर मुद्दाम इतरांबद्दल विचारायचं, अशी मुलाखतीची एक मान्य पद्धत आहे खरी. तसं आधीच ठरवून विचारलं असतं तर चाललं असतं.

“मग प्रशिक्षणात का नाही सांगितलंत?”

“वेळ कमी होता,” सर म्हणाले.

मी फोन ठेवला. आणखी एक वाक्य बोलले असते तर नोकरी गेली असती.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत पुन्हा फिरले. या वेळी ‘तुम्हाला’ हा शब्दच तोंडातून काढला नाही. या गल्लीतल्या बायकांना काय होतं, त्या गाडीकडे का जात नाहीत, गाडी कुठे उभी राहिली तर जातील, असं विचारत गेले. बायका घडाघडा बोलल्या. कुणाला सुचवायला लागलं नाही. गाडी अंगणवाडीच्या मागं उभारावी, तितं बापय येत न्हाईत. बाई डागदर आणावी. आणि गाडी तेवढी बंद करू नका. चांगलं सांगा म्हणून अण्णांनी बजावलं होतं ते त्यांना पटलंही होतं, कारण उणं काढलं तर आहे ती गाडीही जाईल ही भीती. आणि चांगलं सांगितलं म्हणूनच ती जाणार होती. कुणाच्या नावानं खडे फोडावेत तेच कळेना.

पण महादेवीकडे मी प्रश्न घेऊन गेले नाही. अहवाल लिहून होईल, तो कुणी वाचेल, गाडी हलेल, तोवर गाठ थांबणार होती का? मुलाखत घेणाऱ्यानं मध्ये पडायचं नसतं हेही वहीत लिहिलेलं होतंच.

“त्या पलीकडच्या बाईला एक निरोप द्याल?” मी म्हटलं. “उद्या सकाळी मी निरोप घ्यायला येतेय आणि अण्णांच्या गाडीनं लगेच सोलापूरला परत चाललेय. मागची सीट रिकामी आहे. तिथल्या दवाखान्यात बाई डॉक्टर आहेत. मी शेवटपर्यंत सोबत थांबेन.”

महादेवीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “घरी काय सांगंल ती?”

“म्हणावं, नाशिकच्या म्याडमना चादरी घ्यायच्यात. त्यांना पारख नाही, फसतील.”

ती हसली. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच. “सांगते तिला.”

सकाळी गाडीशी महादेवीच उभी होती. इरकल नेसलेली, हातात पिशवी. “ती न्हाय येत म्हनली,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली. “म्हनून मी आले. चादरी बगायला.”

सासू दारापर्यंत आली. सुनेला म्हणाली, “चादर दोनी बाजूनं बगून घे.” मग माझ्याजवळ आली आणि माझं मनगट घट्ट धरलं. “तिला एकलीला सोडू नगा हां, म्याडम.” ऐकू न येणाऱ्या त्या बाईनं सगळं ऐकलं होतं.

परत सोलापूर

वाटेत महादेवी पिशवी मांडीवर धरून बसली होती. अण्णांनी चादरीच्या तीन दुकानांची नावं सांगितली, मी त्यांना दवाखान्याचा रस्ता सांगितला. त्यांनी आरशातून एकदा मागे पाहिलं आणि गाडी वळवली. पुढे एकही प्रश्न विचारला नाही. माझा त्यांच्यावरचा निम्मा राग तिथे उतरला.

दवाखान्यात गर्दी होती. खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, “पेशंटचं नाव?”

महादेवीनं माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर देऊ शकले असते. नाव जिभेवर आलंही होतं. पण तेव्हा कुठे सरांचा तो कोरा चेहरा मला उपयोगी पडला. मी मान हलवली नाही, सुचवलं नाही, काही म्हटलं नाही. नुसती उभी राहिले.

“नाव सांगा लवकर,” मुलगी म्हणाली.

“महादेवी,” ती म्हणाली. मग नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव. मग खिडकीचा गज धरून, जरा मोठ्यानं, “मलाच हाय गाठ.”

आत ती माझा हात धरूनच गेली. बाई डॉक्टरांनी नीट तपासलं, सुई घालून तुकडा काढून तपासायला पाठवला, आठवड्यानं या म्हणाल्या. बाहेर आल्यावर महादेवीनं पिशवीतून कडक भाकरी आणि चटणी काढली, आणि आम्ही तिघं दवाखान्याच्या पायरीवर बसून जेवलो. मग चादरीही घ्याव्या लागल्या, नाहीतर गावात काय दाखवणार? तिनं दुकानदाराला कन्नडमधून असा घोळात घेतला की मी थक्क झाले. दोन्ही बाजूंनी बघून दोन चादरी घेतल्या, एक तिला, एक मला.

नाशिक

अहवालावरून सरांशी पुन्हा भांडण झालं. ‘शेजारणी’ शेवटी एका वेगळ्या प्रकरणात गेल्या. गाडी त्या गावात राहिली. ती आता अंगणवाडीच्या मागे उभी राहते. बाई डॉक्टर ‘मिळाल्यास’ येतील असं संस्थेनं कळवलं आहे. त्या ‘मिळाल्यास’वर मला अजून पुष्कळ बोलायचं आहे, पण ते जाऊ द्या.

परवा सकाळी महादेवीचा फोन आला. मी अंथरुणातच होते, त्याच चादरीत.

“म्याडम, ती आमची शेजारीन हाय नव्हं,” तिचा आवाज हसत होता, “तिची गाठ साधी निगाली बगा. डागदरीनबाईनं सांगितलं, भ्यायचं कायबी कारन न्हाय. आता पुडच्या म्हैन्यात काडून टाकनार हायत.”

मी डोळे पुसले. “अगं बया!” म्हटलं. सरांनी ऐकलं असतं तर काढूनच टाकलं असतं मला. “आणि तुमची तब्येत कशी आहे?”

“माजी? माज्या तब्येतीला काय हुतंय?” महादेवी म्हणाली. “मला आदीबी कायच नव्हतं की!”